बयनाबाईचं पहिलं ताट

हळू या, मंडळी. पायाखाली ओलं आहे आणि वरचा दगड खाली आलेला आहे. उंच माणसांनी जरा वाकूनच शिरावं. मी गोविंदा पिंपळशेंडे, याच पांढरकुंड गावचा. एकवीस वर्षं झाली, आल्यागेल्या पाहुण्यांना ही गुहा मीच दाखवतो.

आता बत्ती वर धरतो, बघा. छताला पांढऱ्या नळ्या लोंबताहेत, वाळत घातलेल्या शेवयांसारख्या. डावीकडचा तो ढीग चिकट भाताचा वाटतो की नाही? पाण्याच्या खळग्यात गोल गोल खडे आहेत, ते लाडू. आणि भिंतीला चिकटलेली ती जाड पोळी. हात लावू नका. चुनखडीचं पाणी थेंब थेंब साठून बोटभर नळी व्हायला कित्येक पिढ्या जातात, असं आमच्या शाळेतले गुरुजी सांगतात, आणि ते खरंच असणार. पण गावात दुसरीही एक हकीकत सांगतात, आणि ती ऐकवल्याशिवाय मी कुणाला बाहेर सोडत नाही.

या जागेला बयनाबाईचं स्वयंपाकघर म्हणतात. गंमत अशी की यातला एकही पदार्थ बयनाबाईनं रांधलेला नाही.

फार जुन्या काळची गोष्ट. गुहेतून हा जो झरा बाहेर पडतो, त्याच्या पाण्यावरून पांढरकुंड आणि पलीकडची कोसंबी या दोन गावांत दोन पिढ्यांचं वैर होतं. सोयरीक बंद, बोलणं बंद. शेवटी दोन्हीकडची माणसं थकली आणि ठरलं, की चैत्री पौर्णिमेला कोसंबीकरांनी सहकुटुंब इकडे जेवायला यायचं. एका पंगतीत घास घेतला की भांडण मिटलं. मात्र जेवणात किंवा मानपानात उणं पडलं, तर पुन्हा तोंड बघायचं नाही.

आमच्या गावात कुठलंही कार्य असो, चूल बयनाबाईची. बाई एकटी, अंगानं बारीक, पण चारशे माणसांचा स्वयंपाक नुसत्या नजरेनं सांभाळायची. तिच्या वरणाच्या फोडणीचा वास वेशीपर्यंत जायचा म्हणे. आणि प्रत्येक कार्यात ती सगळ्यांच्या शेवटी जेवायची. कधी भांड्याच्या तळाची खरवड, कधी नुसतं ताक. हे गावाला कधी खटकलं नाही, कारण ते कुणी पाहिलंच नव्हतं.

पौर्णिमेला दोन दिवस उरले असताना मोतीराम पाटलांच्या घरी नातवाचं बारसं झालं. चार पंगती उठल्या. ऊन कलल्यावर बयनाबाई उरलासुरला भात घेऊन ओसरीच्या कोपऱ्यात टेकली. पहिला घास उचलणार, तोच पाटील एका उशिरा आलेल्या पाहुण्याला घेऊन आले. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि तिच्या पुढचं ताट उचलून त्याच्यापुढे ठेवलं.

"बयनाबाई, तुमचं काय, तुमी घरच्याच," पाटील हसून म्हणाले.

बयनाबाई उठली. हात धुतले, आपली पळी घेतली आणि सरळ चालत या गुहेत येऊन बसली. पाणी आणायला आलेल्या बायकांना एवढंच म्हणाली, "मले कोणी आधी वाढल, तवाच माहा हात चुलीले लागल."

पुरुष म्हणाले, संध्याकाळी येईल. ती आली नाही. उलट दुसऱ्या दिवशी सकाळी गावातल्या झाडून सगळ्या बायका लेकरं कडेवर घेऊन आत येऊन बसल्या. चैत्राचं ऊन बाहेर भाजत होतं, आत गारवा. त्यांनी कवड्या टाकून चवंगे खेळायला काढले, गाणी म्हटली. गावात एकाही घरातून धूर निघाला नाही.

आता पाटलांच्या तोंडचं पाणी पळालं. ते गुहेशी आले. "बाई, उद्या कोसंबीचे लोक येतील. गावाच्या अब्रूचा सवाल हाय."

"गावाची अब्रू मले ठाव हाय, पाटील," बयनाबाई म्हणाली. "तीस वर्सं मीच रांधली ते. आता माही भूक कोण रांधते ते पायते."

 पाटलांनी पागोटं काढून खुंटीसारख्या एका दगडाला अडकवलं आणि म्हणाले, "काय खासान?"

"तुमी कराल ते."

मग काय विचारता! पौर्णिमेच्या दिवशी पहाटेपासून गावचे पुरुष इथं गुहेच्या तोंडाशी चूल मांडून बसले. ज्यांनी चूल कधी फुंकली नव्हती, त्यांच्या डोळ्यांतून धारा लागल्या. शेवया बोटाएवढ्या जाड झाल्या, आणि कुणीतरी त्या वाळायला छताला टांगल्या. भाताचा गोळा झाला, तो पालथा घातला तरी पातेलं सोडेना. लाडू असे वळले की एक खाली पडला, तर दगड फुटला, लाडू नाही. एक पोळी उलटताना उडाली ती भिंतीलाच जाऊन चिकटली. बायका आतून बघत होत्या आणि हसून हसून त्यांच्या पोटात दुखायला लागलं होतं. पाटलांचा हात पोळला, तरी ते चुलीपुढून उठले नाहीत.

अखेर त्यांनी एक ताट वाढलं. भात, वरण, त्यातल्या त्यात बरी पोळी. ते बयनाबाईपुढे ठेवलं आणि स्वतः खाली मांडी घालून बसले. हसणं थांबलं.  बाईनं घास घेतला.

"मीठ नाही," ती म्हणाली.

पाटलांनी मान खाली घातली. बाई जेवत राहिली. सावकाश, शेवटच्या शितापर्यंत जेवली. मग पदरानं डोळे पुसून म्हणाली, "माय गेल्यापासून गरम जेवलीच नव्हती मी."

नेमके त्याच वेळी कोसंबीकर येऊन पोचले. पुढे त्यांचे म्हातारे पाटील, शिवराम. पाहतात तर काय, पंगतीचा पत्ता नाही, आणि पांढरकुंडचे पाटील उघड्या डोक्यानं, राखेनं माखलेले, एका रांधणाऱ्या बाईपुढे पाण्याचा तांब्या धरून बसलेत. आमच्या गावचे लोक श्वास रोखून उभे. एक शब्द वाकडा गेला असता, तर सगळं तिथंच मोडलं असतं.

मोतीराम पाटलांनी काही लपवलं नाही. ताट कसं उचललं, तेही सांगितलं. शिवराम पाटलांनी ऐकून घेतलं आणि मागे वळून आपल्या बैलगाड्यांकडे बघितलं. शेवटच्या गाडीत त्यांची बायको सगळ्यांच्या शिदोऱ्या बांधून देऊन उपाशीच बसली होती. त्यांनी तिला हाक मारली, हात धरून खाली उतरवलं आणि मोतीराम पाटलांना म्हणाले, "अजून एक ताट हाय का? आणि मले बी पळी द्या. वाढाचं कसं असते ते तरी पाहू."

त्या दिवशी पहिली पंगत दोन्ही गावांतल्या बायकांची बसली. नंतर बयनाबाईनं पदर खोचला आणि पुरुषांसाठी जे रांधलं, त्याची चव कोसंबीकर पुढे कित्येक वर्षं सांगत होते. पाणी दोघांचं झालं. आणि पुरुषांनी केलेला तो स्वयंपाक उरला तो उरलाच. गाईबैलांनीही तोंड लावलं नाही. डोंगरानं तो दगड करून जपून ठेवला, असं सांगतात.

आजही चैत्री पौर्णिमेला इथं दोन्ही गावांची पंगत बसते. त्या दिवशी चुलीपुढे पुरुष आणि पहिल्या पंगतीला रोज रांधणाऱ्या बाया. आम्ही महिनाभर आधीपासून घरी चोरून सराव करतो. गेली चार वर्षं वरणाचं काम माझ्याकडे आहे. आमची मंडळी पाटावर बसते, मी वाढतो, आणि तिनं पहिला घास तोंडात घातला की तिच्या चेहऱ्याकडे बघत उभा राहतो. आता सांगायला हरकत नाही, मंडळी, तेवढा वेळ माझ्या पाठीमागच्या हातात मिठाची वाटी असते.