दारावर काढलेलं यंत्र

"रस्त्यावरच्या कुणालाही दाखवायचं होतं, तर वर्षभर माझ्याबरोबर खपलात कशाला?"

अभिनंदन चौगुलेचा आवाज चढला होता. जयसिंगपूरबाहेर त्याचा कडबाकुट्टी यंत्रांचा छोटा कारखाना. चारा सारताना हात आत ओढला गेला, तर दाबताच यंत्र जागच्या जागी थांबवणारा खटका त्यानं आणि हैदर वस्तादांनी मिळून बनवला होता. आणि वस्तादांनी ते अख्खं यंत्र आपल्या वर्कशॉपच्या पत्र्याच्या दारावर, रस्त्याच्या बाजूनं, खडूनं खऱ्या मापात काढून ठेवलं होतं.

"झाकण्यासारखं काय आहे त्यात?" वस्ताद म्हणाले.

"उद्या सगळे करतील."

"करू देत. हात काय फक्त तुझ्याच गिऱ्हाइकांना आहेत?"

"माझ्याकडं बाहेरचा माणूस ऑफिसच्या पुढं येत नाही. म्हणून टिकलोय."

"बाहेरची अक्कलही येत नसेल मग."

...

अभिनंदनची नजर चित्रातल्या एका आडव्या रेघेवर थांबली. चारा सारायच्या तोंडाशी, कमरेच्या उंचीवर.

"ही दांडी आपली नव्हे."

"मगदूमची."

मगदूमचा कारखाना अभिनंदनच्या समोरच होता. दोघं एकमेकांचं तोंड बघत नसत.

"त्यानं आपल्या यंत्रात बदल केला? आणि तुम्ही करू दिला?"

"दारात उभा राहिला, बराच वेळ बघत होता. मग खडू मागितला. दिला."

अभिनंदननं तळव्यानं ती रेघ खसाखसा पुसली.

"आता बरोबर आहे. शनिवारी हेच यंत्र बाजारात जाणार."

वस्तादांनी त्याचं उजवं मनगट धरलं आणि चित्रातल्या यंत्राच्या तोंडावर दाबलं.

"हात अडकला. थांबव."

अभिनंदन हसला. खटका उजव्या अंगाला होता. त्यानं डावा हात तिकडं नेला. वीतभर कमी पडला. खांदा ताणला. तरी पोचेना.

"सोडा, वस्ताद."

"यंत्राला सांग तसं."

...

वस्तादांनी मनगट आणखी ओढलं. अभिनंदनचं पोट दारावर आदळलं, पुसलेल्या रेघेवर. पत्रा वाजला.

मग त्यांनी हात सोडला.

अभिनंदन मनगट चोळत उभा राहिला. शर्टाला खडू लागला होता.

"म्हणजे... दांडीला पोट लागलं की यंत्र बंद."

वस्तादांनी मान डोलावली.

"पण मी ही दांडी बसवली तर मगदूम गावभर सांगत सुटेल, चौगुलेनं माझं चोरलं."

"सांगेल."

"आणि मी ऐकून घेऊ?"

वस्तादांनी खिशातून खडू काढला, त्याच्या हातावर ठेवला.

"त्याला चोरावंसं वाटेल, असं काहीतरी काढ."