हत्तीच्या डोक्यावर झुबी

माणसांच्याही आधी प्राण्यांनी एक शहर वसवलं होतं, तेव्हाची ही गोष्ट. झुबी खार नुकतीच सायकल शिकली होती. शेपटीत वारा शिरला की तिला हसू आवरत नसे. एकदा ती अशीच खिदळत गजाआजोबा हत्तींच्या डावीकडून पुढे घुसली आणि नेमके तेव्हाच आजोबा डावीकडे वळले. सायकल शिकवणाऱ्या साळुंकीबाईंनी शेपूट धरून मागे ओढलं, म्हणून झुबी वाचली.

"एवढी मोठी मी रस्त्यावर असताना आजोबांना दिसले कशी नाही?" झुबी फुरंगटून म्हणाली.

बाईंनी तिला आजोबांच्या डोक्यावर चढवलं आणि तिची सायकल त्यांच्या पोटाला टेकवून ठेवली.

झुबीला वरून चौक दिसला, पूल दिसला, पलीकडची नदीही दिसली. सायकल मात्र दिसेना.

"बाई, माझी सायकल चोरीला गेली," ती रडवेली होऊन म्हणाली.

"इथंच आहे, आजोबांच्या पोटाशी," खालून बाई म्हणाल्या.

"मलाही दिसत नाहीये, पोरी," आजोबा म्हणाले. "वळू का आता?"

झुबीने त्यांचा कान घट्ट धरला. "थांबा आजोबा. आधी मी सायकल घेऊन तुमच्या मागे उभी राहते, मग तुम्ही खुशाल वळा."