भिंतीवरचा आरसा

फार मागे, काशीच्या राजाचा अंमल सुखाने चालला असताना, बोधिसत्त्व गंगाकाठच्या एका वाडीत नावाडी होऊन जन्मले होते. त्यांची बायको शोणा मनाने निर्मळ, पण राग सदा नाकावर.

दर अमावास्येला घाटावर फेरीवाला येई. शोणा कधी कांकणे घेई, कधी रंगीत दोरे, आणि घरी पोहोचेपर्यंत ते कशाला घेतले हेच विसरून जाई. इकडे नावेच्या तळाला भेगा पडत होत्या. नव्या नावेसाठी मांडलेले पैशांचे मडके काही भरत नव्हते.

एकदा बोधिसत्त्व म्हणाले, "शोणा, जे हवंसं वाटेल ते आधी गेरूने भिंतीवर काढ. अमावास्येला भिंत सारवशीलच. त्यानंतरही ते पुन्हा काढावंसं वाटलं, तर घेऊ."

"रेघोट्या मारायला मी काय लहान पोर आहे?" शोणा कडाडली. "आणि तुमचं काय? तुम्हाला काहीच नको असतं वाटतं? मोठे आले साधू."

"खरं आहे तुझं," असे म्हणून त्यांनी कोपऱ्यात एक नाव काढली.

त्याने ती आणखीच भडकली. हट्टाने तिने पैंजणांपासून पानाच्या डब्यापर्यंत अख्खी भिंत भरून टाकली. अमावास्येला सारवताना सगळे गेले. पुन्हा काढायला बसली, तर निम्म्या वस्तू आठवेनात आणि आठवलेल्यांसाठी हात उचलेना. याचाही तिला राग आला. असे होता होता भिंतीवर दोनच गोष्टी उरल्या, त्यांची नाव आणि तिचा काशाचा आरसा. मडके मात्र जड झाले होते.

वैशाखात शोणा नवऱ्याच्या नावेतून पैलतीरी निघाली असता मध्यधारेत नावेची फळी उचकटली. समोर एक बाई तान्हे घेऊन बसली होती. पाणी तिच्या मांडीला लागले. शोणा हंडीने पाणी उपसत राहिली. नाव कशीबशी काठाला लागली.

घरी येताच तिने आरशावर शेणाचा बोळा फिरवला आणि मडके नवऱ्यापुढे आदळले. "आणा तुमची नाव. बुडाल्यावर आरशात काय तोंड बघू?"

पावसाआधी नवी नाव पाण्यात उतरली.

पुढच्या अमावास्येला भिंत सारवून शोणा पाण्याला गेली. परत येते तो भिंतीवर गेरूचा आरसा. तिने तो पुसला. त्यापुढच्या अमावास्येला पुन्हा तेच.

"मला डिवचता होय?"

"नाही गं. तू पुसलास, पण तुला तो नकोसा कुठे झालाय? म्हणून आता मी काढतो."

शोणा तणतणत चुलीपुढे जाऊन बसली.

कार्तिकात खरा आरसा घरी आला. शोणाने तो हातात धरला. आत कपाळाला आठ्या घातलेली एक बाई होती आणि तिच्या खांद्यामागे शांत उभा नावाडी.

"या बाईबरोबर कसे हो राहिलात?" तिने हळूच विचारले.

"नाव गळत होती, तेव्हा पाणी हिनेच उपसलं," ते म्हणाले.

एवढे सांगून शास्ते भगवान बुद्ध विहारात जमलेल्यांना म्हणाले, "आज नवऱ्याचे गाऱ्हाणे घेऊन रागारागाने आलेली ही उपासिका तेव्हा शोणा होती. तिचा आजचा नवरा तो फेरीवाला. नावाडी मीच होतो. हवे ते मागण्याआधी थांबावे, आणि आपल्या माणसाचा राग निवेपर्यंतही थांबावे. हीच क्षांती पारमिता, सहनशीलतेची पूर्णता."

उपासिकेच्या कपाळावरची आठी हळूहळू सैल झाली.