पानाच्या खुणेचे मडके

विहारात बकुल नावाचा एक उपासक येत असे. उपोसथाच्या दिवशी सगळे उपवास धरायचे आणि हा दोन वेळा भरपेट जेवायचा. कुणी हटकले की म्हणायचा, "माझ्या वाटचा उपवास गावाकडचा चुलतभाऊ धरतोय. आमचे तसे ठरले आहे." ही गोष्ट शास्त्यांच्या, म्हणजे भगवंतांच्या, कानावर गेली तेव्हा ते हसले. म्हणाले, "ही याची आजची खोड नाही. मागेही एकदा याने असेच केले होते." आणि त्यांनी ही कथा सांगितली.

पूर्वी कुमुदपुरात विजयसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याच्या हाटाचा अधिकारी होता. त्या जन्मी त्याचे नाव सुनेत्र.

नगराच्या उत्तरेला डोंगर होता. पायथ्याच्या वाडीला पाण्याचा एकच झरा, आणि तो वरच्या झाडीच्या जिवावर वाहायचा. कुंभारांच्या भट्ट्या त्याच डोंगराची लाकडे जाळीत. झाडी विरळ झाली, तसा झरा बारीक होऊ लागला. नगरातली माणसे काही वाईट नव्हती हो, त्यांनाही रुखरुख लागली. तेव्हा राजाने आज्ञा केली, की जे मडके भाजायला झाड तोडलेले नाही, त्यावर पिंपळपानाची खूण उमटवावी. ते काम बोधिसत्त्वाकडे आले. लोक पान बघूनच मडकी घेऊ लागले.

सर्वांत मोठी भट्टी वसुदत्त श्रेष्ठीची. त्याच्या मडक्यांवर पान नव्हते, म्हणून ती पडून राहू लागली. एके सकाळी तो बोधिसत्त्वाकडे आला.

"अहो, झाडे आम्हीही वाचवतो. नागजाईच्या देवराईतल्या पुजाऱ्याला आम्ही दरवर्षी धान्य देतो. भट्टीत जेवढी झाडे जातात, तेवढ्या झाडांना तो आमच्या नावाचे सूत बांधतो. इकडे शंभर गेली, तिकडे शंभर राखली. मग आमच्या मडक्यापायी झाड गेले कुठे?"

बोधिसत्त्वाला ते पटले. खरे सांगायचे तर पटले नाही, हाटाच्या घाईत त्याने डोळे झाकून पान उमटवले. माणसाच्या जन्माला आला होता ना, माणसाची चूक त्याच्याही हातून झाली.

दोन उन्हाळे गेले. एक दिवस वाडीतली कोंडाई नावाची म्हातारी वसुदत्ताचे मडके कडेवर घेऊन आली आणि तिने ते बोधिसत्त्वापुढे ठेवले.

"बाबा, पान बघून घेतले मी हे. म्हटले, झरा वाचेल. झरा तर आटला. वाडी उठायची वेळ आली. आता हे मडके भरू कशाने, ते तूच सांग."

बोधिसत्त्वाने मडक्यात पाहिले. आत तळाशी धूळ होती. त्याला मेल्याहून मेल्यासारखे झाले. तो उठला आणि वसुदत्ताला सोबत घेऊन देवराईकडे निघाला.

तिथे पोचायला चार दिवस लागले. राई मोठी थंडगार होती. पुजाऱ्याने कौतुकाने वसुदत्ताचे सूत दाखवले. बोधिसत्त्वाने जवळ जाऊन पाहिले, तर त्याच खोडावर अकरा सुते होती, अकरा भट्ट्यांची.

"एका झाडाला अकरा?"

"झाड मोठे आहे की! सगळ्यांना पुरते," पुजारी म्हणाला.

"बरे. ही सुते बांधण्याआधी इथली झाडे कोण तोडत होते?"

पुजाऱ्याने कानांवर हात ठेवले. "छे छे, काय बोलता! नागजाईच्या राईतली काडी उचलायची कुणाची छाती आहे? माझ्या पणजोबांपासून इथे कुऱ्हाड आलेली नाही."

"म्हणजे सूत नसते तरी?"

"तरी झाड उभेच असते," पुजारी भाबडेपणाने म्हणाला.

वसुदत्ताचे तोंड उतरले. परतीच्या वाटेवर तो हळूच म्हणाला, "सुनेत्रा, खूण उमटवणारा हात तुझा आहे. आता ती काढलीस तर हसे तुझेच होईल."

"होऊ दे," बोधिसत्त्व म्हणाला. "झरा त्या वाडीचा आटला आहे. देवराईतल्या शंभर झाडांनी वाडीला थेंब पाणी येत नाही, आणि तीही तू राखलेली नाहीस."

दरबारात त्याने आधी स्वतःची चूक सांगितली, मग वसुदत्ताची. राजाने विचारले, "मग देवराईला धान्य देणे वाईट का?"

"नाही महाराज. द्यावे, आणि दिले असे खुशाल सांगावे. पण मडक्यावरच्या पानाने त्या मडक्याच्या भट्टीचेच सांगावे. आणि ज्याला सूत बांधून झाड राखल्याचे सांगायचे असेल, त्याने कुऱ्हाडीखालचे झाड दाखवावे. एका झाडाला एकच सूत."

राजाने तसा नियम केला. त्या दिवसापासून भट्टीच्या तोंडाशी उभे राहून, आत काय जळते ते पाहिल्याशिवाय पान उमटेनासे झाले.

मग बोधिसत्त्व हाटात विटेचा तुकडा घेऊन बसला. लोक वसुदत्ताची मडकी आणत आणि तो आपल्याच हाताने उमटवलेले पान घासून काढी. काही लोक हसले. त्याची बोटे सोलली. सात दिवस तो बसून होता.

वसुदत्त पुष्कळ चरफडला. पण बिनपानाची मडकी कोण घेणार? शेवटी त्याने भट्टी भाताच्या तुसावर आणि गोवऱ्यांवर आणली.

डोंगर हिरवा व्हायला वेळ लागला. सातव्या वर्षी कोंडाई पुन्हा हाटात आली. कडेवर तेच मडके, घासलेल्या पानाचे.

"अर्धेच भरते अजून," ती म्हणाली. "पण झऱ्याचे आहे. पी बाबा."

बोधिसत्त्वाने ओंजळ पुढे केली. पाणी पिताना त्याचे डोळे भरून आले.

कथा संपवून शास्ते म्हणाले, "त्या वेळचा वसुदत्त आजचा हा बकुल. सूत बांधणारा पुजारी त्याचा भोळा चुलतभाऊ. कोंडाई ही त्याची आई, जी आजही त्याच्यासाठी जीव टाकते. विजयसेन राजा हा आपला विहारदाता वृद्ध गृहपती, आणि पान उमटवून ते घासून काढणारा सुनेत्र मीच."

पुढच्या उपोसथाला बकुलाने स्वतः उपवास धरला, आणि त्याला फार भूक लागली असे सांगतात. आपली चूक चारचौघांत आपल्या हाताने पुसणे, या सत्य पारमितेची, म्हणजे सत्य शेवटपर्यंत पाळण्याची, ही कथा आहे.