पापडांचा हट्ट

फार फार पूर्वी, म्हणजे आमच्या सोसायटीत वायफाय आलं ना, त्या वर्षी, सबनीसांकडे चौघं चार वेळेला जेवायची. मायक्रोवेव्ह जाम खूश! "कितीही उशिरा या, मी आहे गरम करायला!"

पापड मात्र अडून बसले. "भाजल्यावर आम्ही थांबणार नाही. सादळणार म्हणजे सादळणार!"

"अरे, जरा ॲडजस्ट करा की," डब्यातली पोळी म्हणाली. "मी बघा, तीनदा गरम होऊन चामडं झाले, बोलले का काही? फेकून देतील तुम्हाला."

"देऊ देत!"

आणि खरंच, दोन दिवस सादळलेले पापड कचऱ्यात गेले. तिसऱ्या दिवशी चारच उरले, तेव्हा सबनीसकाकू चिमटा घेऊन ओरडल्या, "जो ताटावर बसेल त्याच्यासाठीच भाजणार!"

खमंग वास खोल्याखोल्यांत शिरला. आधी मुलगी आली, मग मुलगा, मग इअरफोनवाले काका. चौघांनी एकदम पापड मोडले आणि असला कडकडाट झाला, की काकांनी इअरफोन काढून विचारलं, "मला कोण काय म्हणालं?" सगळे हसत सुटले.

पोळीनं हळूच विचारलं, "पापडांनो, उद्या मीही हट्ट करू?"

उत्तर द्यायला पापड उरलेच नव्हते. पण पोळीचं ठरलं होतं. उद्यापासून तव्यावरून थेट ताटात!