अर्ध्या डोळ्यांची मिरवणूक

"दसऱ्याची मिरवणूक आऊसाहेबांना गडावर बसल्याजागी दिसली पाहिजे, आणि चालताना दिसली पाहिजे!"

राजे गंभीररावांचा हुकूम. आईचा पाय मोडलेला, दसरा उद्यावर, आणि राजे एकदा म्हणाले की म्हणाले.

प्रधानजींनी युक्ती काढली. गडावर हजार घरांचा पट अंथरला, त्यावर हत्ती-घोड्यांच्या आणि माणसांच्या सोंगट्या मांडल्या. खाली बुरुजावर तेवढ्याच घरांची जाळी उभारली. बारा कारकुनांनी जाळीतून बघून सांगायचं, म्हाकू धनगरानं ते ढोलावर वाजवायचं, आणि वर त्याच्या बायकोनं बोल ओळखून दासींकडून सोंगट्या हलवून घ्यायच्या.

तालमीतच फजिती झाली. दर पावलाला कारकून एकेक घर धरत आणि त्यातलं चित्र कुठं गेलं ते हजारही घरांत शोधत. पटावरचा हत्ती अजून वेशीपाशी, आणि खरा हत्ती परत येऊन ऊस खात होता.

"ढोलवालाच मंद आहे," प्रधानजी म्हणाले.

"मग उद्या चुकला तर त्याचं माळावरचं कुरण काढून घ्या," राजे म्हणाले.

म्हाकूच्या तोंडचं पाणीच पळालं. दोनशे मेंढरं घेऊन जायचं कुठं? त्याची लेक ठकू मात्र पुढं झाली. तिला राग आला होता, आणि राग आला की ती राजा-प्रधान बघत नसे.

"म्हाराज, कारकुनांना सुट्टी द्या. जाळीपाशी मी बसते."

"एकटी हजार घरं बघणार?"

"न्हाई. डोळे अर्धे मिटणार."

सगळे हसले. प्रधानजी जरा जास्तच हसले.

"अर्ध्या डोळ्यानं हत्ती नुसता काळा डाग दिसतो. डाग कुठं सरकला ते झटक्यात कळतं. मग डोळे उघडून त्याच्या भवतालची चार घरं तेवढी नीट बघायची. कळप वढ्यापल्याड गेल्यावर कोकरू कुणी चुलीमागं शोधतं का?"

"आणि ढोल?"

"मिरवणूक उभी असतानाच पयलं चित्र पुरतं वाजवायचं. मग जे हललं तेवढंच. देऊळ काय चालत न्हाई, ते पुन्हा पुन्हा कशाला बडवायचं?"

राजांना पटेना. पोरीची परीक्षा घ्यायचं त्यांनी मनाशी ठरवलं.

दुसऱ्या दिवशी ठकू डोळे किलकिले करून बसली, ढोल घुमू लागला. मिरवणूक बाजारात आली तसे हत्तीमागून चालणारे राजे गुपचूप निसटले, भज्यांच्या कढईपाशी गेले, गरम भजी तोंडात टाकली आणि मिशा पुसत रांगेत परतले. वैद्यांनी तळलेलं बंद केलं होतं, पण गर्दीत कोण बघतंय?

मिरवणूक संपवून ते बुरुजावर चढले, तोच गडावरून म्हाकूच्या बायकोचा ढोल वाजला. म्हाकूचा चेहरा पडला.

"काय म्हणतात आऊसाहेब?"

"त्या इचारत्यात," म्हाकू चाचरला, "हत्तीमागचा लाल फेटा कढईपाशी कशाला गेला? वैद्यांचं पथ्य इसरला का?"

राजांचा हात आपसूक लाल फेट्याकडे गेला. "एवढ्या गर्दीत माझा एकट्याचा फेटा तुला दिसला कसा गं?"

"सगळा कळप एका वाटेनं चालला की त्याच्याकडं बघावंच लागत न्हाई, म्हाराज. वाट सोडून जातं तेच मेंढरू धनगराच्या डोळ्यात भरतं."

राजे पोट धरधरून हसले, फेटा सुटेपर्यंत हसले. कुरण त्यांनी म्हाकूला पिढ्यान्‌पिढ्यांसाठी लिहून दिलं, आणि हातातलं सोन्याचं कडं काढून ठकूला दिलं.

"आता वर वाजव, म्हाकू," डोळे पुसत ते म्हणाले, "दोनच भजी खाल्ली म्हणावं."

"चार व्हती," ठकू म्हणाली.