शूशनचं सांडलेलं पाणी

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती फार, ते विचारू नका, ती वर्षं मोजणारं आता कोणी उरलेलं नाही. तेव्हा खाडीवर पूल नव्हता, पलीकडच्या टेकडीवर वस्ती नव्हती, पण चुनखाडी गाव होतं आणि गावात चुन्याच्या भट्ट्या होत्या. धीट माणसांच्या गोष्टी तुम्ही पुष्कळ ऐकल्या असतील. ही एका भित्र्या बाईची आहे. लहानांनी पुढे सरकून बसा, मोठ्यांनी उगाच खाकरू नका.

त्या काळी पश्चिमेकडून गलबतं यायची. खजूर यायचा, घोडे यायचे, आणि एका गलबतातून येशूचं नाव घेणारी चार माणसं आली. त्यांनी खाडीकाठी झावळ्यांची एक झोपडी बांधली, आत लाकडाचा क्रूस उभा केला आणि आजाऱ्यांची सेवा करत राहिली. त्यांचा वडीलधारा होता बारसबा. पांढरी दाढी, ताठ पाठ. भुतांनी झपाटलेल्या माणसाच्या उशाशी हा एकटा बसायचा, महारोग्याच्या जखमा आपल्या हातानं धुवायचा. भीती कशाशी खातात हे त्याला माहीत नव्हतं, असं म्हणतात. आणि खरं सांगू का, तोच त्याचा दोष होता.

शूशन त्याच गलबतातून आईच्या कडेवर आलेली. शूशन हे त्यांच्या भाषेत एका पांढऱ्या फुलाचं नाव. आई भट्टीवर कामाला लागली. आता चुन्याचं काम कसं असतं ते आधी ऐका, म्हणजे पुढचं कळेल. कालवांची, तिसऱ्या शिंपल्यांची टरफलं भट्टीत भाजली की कळीचा चुना होतो. दिसायला साधे पांढरे खडे. पण त्याच्यावर एकदम पाणी ओतलं की तो चवताळतो, उकळतो, फुटून अंगावर येतो आणि हाडापर्यंत भाजतो. तेच पाणी थेंबाथेंबानं शिंपडलं तर तो गरम सुस्कारा टाकतो आणि भुगा होऊन खाली बसतो. एकदा बसला की मग त्याच्यावर समुद्र ओता, काही होत नाही. पण थेंबाथेंबानं शिंपडायला वेळ कोणाला असतो? मुकादमानं घाई केली, शूशनच्या आईनं घागर उपडी केली आणि सात वर्षांच्या शूशनच्या डोळ्यांदेखत चुना फुटला. आई त्यातून उठली नाही.

त्या दिवसापासून शूशनचे हात थरथरायला लागले, ते कायमचेच. कुत्रं भुंकलं तरी ती दचकायची, दार वाजलं की भिंतीला टेकायची. चुन्याच्या कामाला ती निरुपयोगी झाली, म्हणून तिला विहिरीवरून पाणी आणायला ठेवली. आणि ते पाणीसुद्धा सांडायचं. गोड्या विहिरीपासून भट्टीपर्यंत तिच्या वाटेवर ओली रेघ असायची. पोरं मागून ओरडायची, "थरथरी आली, थरथरी आली!" पोरांना काय, दगड नाहीतर नाव, काहीतरी मारायला हवं असतं.

बारसबाकडे बाप्तिस्मा घ्यायचा तर एक रीत होती. काठोकाठ भरलेली घागर दोन्ही हातांत धरायची आणि खाडीपासून झोपडीपर्यंत चालत यायचं. एक थेंब सांडता कामा नये. "ज्याचं पाणी डुचमळलं त्याचा विश्वास डुचमळला," असं तो म्हणायचा. शूशन तीन वर्षं लागोपाठ घागर घेऊन चालली. तिन्ही वर्षं अर्धी घागर वाळूत गेली. तिसऱ्या वर्षी ती बारसबाच्या पायाशी बसून रडली.

"बाबा, माझं मन नाय हो हलत. हातच हलतात."

"भीती आणि विश्वास एका घरात राहत नाहीत, पोरी," तो म्हणाला. "पुढल्या वर्षी ये."

ती रोज दाराबाहेर बसून प्रार्थना ऐकायची. आत यायची परवानगी नव्हती.

आता दुसऱ्या बाजूचं ऐका. गावामागच्या टेकडीवरच्या गढीत एक नायक राहायचा. त्याचं नाव गावानं मुद्दाम विसरून टाकलंय, म्हणून मीही सांगत नाही. त्यानं एका दगडावर आपलं पाऊल कोरून घेतलं, तो दगड गढीच्या दारात मांडला आणि दवंडी पिटली की प्रत्येकानं इथं डोकं टेकवायचं आणि म्हणायचं, "तुझ्याहून मोठा कोणी नाही." लोक गेले. दगडच तर आहे म्हणाले, टेकलं डोकं, आले घरी. बारसबा, गलबतातले त्याचे तीन सोबती आणि बाप्तिस्मा घेतलेले गावातले दोघं मात्र गेले नाहीत.

पौषातल्या अवसेची सकाळ होती. उजाडता उजाडता शिपाई आले. झोपडी मोडली, क्रूस चुलीत घातला आणि सहाही जणांना दोरखंडानं बांधलं. शूशन नेहमीसारखी दाराबाहेर बसलेली. जमादारानं भाल्याचं टोक तिच्या गळ्याला लावलं.

"तूपण यांच्यातलीच ना ग?"

सगळं अंग पाण्यात भिजल्यासारखं थंड पडलं. "नाय," ती म्हणाली. "नाय ओ. मी यांच्यातली नाय."

"अहो, ही थरथरी," एक शिपाई हसला. "हिला त्यांनीसुद्धा घेतली नाय."

खोटं काही नव्हतं त्यात. पण बारसबानं मान वळवून तिच्याकडे एकदा पाहिलं, आणि ती नजर तिला भाल्याहून खोल लागली.

खाडीच्या कडेला चुना भिजवायचा मोठा खड्डा होता. त्याच्या मधोमध दगडी ओटा, आणि खाडीचं पाणी आत यायला एक चर. नायकानं सहा जणांना ओट्यावरच्या खांबाला बांधायला लावलं. ओट्याभोवती सगळा खड्डा ताज्या कळीच्या चुन्यानं भरून घेतला, त्यांच्या घोट्यांपर्यंत. मग तो शांतपणे म्हणाला, "आज अवस आहे. दुपारी उधाण येईल. पाणी चरातून आत येईल. तोपर्यंत ज्याला दगडापाशी यायचं असेल त्यानं हाक मारावी."

एवढं बोलून तो जेवायला गेला. पहाऱ्याला तीन शिपाई राहिले. गावानं दारं लावून घेतली. चुना काय करतो हे त्या गावाइतकं कोणाला ठाऊक असणार? बायकांनी पोरांचे कान झाकले, तेही ऐकू येण्यासारखं काही घडायच्या आधीच.

शूशन घरात मडक्यांच्या मागे लपली होती. तिला आईची किंकाळी ऐकू येत होती, ती जुनीच, सात वर्षांची असतानाची. तेवढ्यात दार वाजलं. शिपायांना तहान लागली होती. "ए थरथरे, पाणी आण!"

नाही म्हणायचीही तिला भीती वाटली, म्हणून ती निघाली.

खड्ड्याच्या कडेनंच वाट होती. तिचे पाय लटपटत होते, घागर हिंदकळत होती, आणि पाणी कडेवरून थेंबाथेंबानं आत चुन्यावर पडत होतं. ती डोळे मिटून उभी राहिली. आता फुटणार, आता अंगावर येणार. पण आतून नुसता एक सुस्कारा आला. तिनं एक डोळा उघडला. जिथं थेंब पडले होते तिथला चुना फुटला नव्हता. त्याचा मऊ भुगा झाला होता.

जिच्या हातून सरळ धार कधी पडलीच नाही, तिच्याच हातून हे व्हायचं होतं, असं म्हणतात.

शिपाई पाणी प्यायले. "आणखी आणू का?" तिनं विचारलं. शिपाई खो खो हसले. "आण, आण. निम्मं सांडेल, निम्मं आम्ही पिऊ."

ती पुन्हा गेली. पुन्हा आली. दर खेपेला खड्ड्याच्या वेगळ्या कडेनं. दर खेपेला चुना सुस्कारे टाकायचा आणि गरम वाफ वर यायची. तिच्या पायांचे तळवे पोळले, पापण्या भाजल्या, दिसेनासं व्हायला लागलं. भीती कमी झाली असेल असं वाटतं ना? मुळीच नाही. दर खेपेला ती पहिल्याइतकीच घाबरत होती, आणि दर खेपेला वाटेतूनच परत फिरून घरात लपावं असं तिला वाटत होतं. शिपायांच्या देखत तोंडातून एक शब्द काढायची सोय नव्हती.

वाफ ओट्यावरच्या माणसांना लागत होती. बारसबा कळवळून म्हणाला, "पोरी, का छळतेस? त्यांच्यात गेलीस ती गेलीस, आता आम्हाला भाजतेस?"

ती पुन्हा विहिरीकडे वळली.

बांधलेल्यांमध्ये गोमा लोणारी होता. जन्म भट्टीवर गेलेला. तो मघापासून चुन्याकडे पाहत होता. त्यानं मान खाली घातली आणि अगदी हळू म्हणाला, "बाबा, गप राव्हा. तिला सांडू दे."

"काय म्हणतोस?"

"सांडू दे, बाबा. सांडू दे."

बारसबानं खाली पाहिलं. निम्मा खड्डा पिठासारखा मऊ होऊन बसला होता. त्याच्या दाढीवरून पाणी ओघळायला लागलं.

त्या सकाळी तिची घागर रिकामी झालीच नाही, ती चालत राहिली आणि पाणी पुरत राहिलं, असं म्हणतात. मी पाहायला नव्हते. पण एवढा खड्डा एका बाईच्या सांडलेल्या पाण्यानं बसला, तेव्हा काहीतरी झालं असणार.

दुपारी नायक आला. गावाला घराघरातून ओढून काठावर उभं केलं. उधाण चढलं. पाणी चरातून वळवळत आत शिरलं आणि सगळ्या गावानं डोळे मिटले. एक श्वास गेला. दुसरा गेला. कोणीच ओरडलं नाही. लोकांनी डोळे उघडले तर खड्ड्यात भाताच्या पेजेसारखं पांढरं, कोमट पाणी भरत होतं, आणि सहाही माणसं त्यात कमरेपर्यंत उभी होती. जिवंत.

नायकाचा चेहरा त्या पाण्याहून पांढरा झाला. "हे कोणी केलं?" त्यानं काठावरच्या गर्दीवरून नजर फिरवली. "सांगा, नाहीतर उद्या खड्डा पुन्हा भरतो आणि सगळं गाव आत घालतो. पोरांपासून सुरुवात करतो."

गर्दीतून शूशन पुढे आली. दात वाजत होते. घागर अजून काखेतच होती.

"मी केलं."

"तू? तू यांच्यातली आहेस?"

ती बोलायच्या आधीच खड्ड्यातून बारसबा ओरडला, "नाही! ती आमच्यातली नाही! आम्ही तिला घेतलंच नव्हतं. तिला जाऊ द्या!"

पाहा, तिला वाचायला तेवढं पुरे होतं. पुन्हा एकदा नाही म्हणायचं आणि घरी जायचं. तिला वाचायचं नव्हतं असं नाही. सगळं अंग नाही म्हण, नाही म्हण असं सांगत होतं. ती खड्ड्याच्या कडेला गुडघ्यांवर बसली.

"बाबा," ती म्हणाली, "मला लय भ्या वाटतंय. आता तरी पाणी लावाल का?"

बारसबाच्या हातांची दोरी चुन्यानं खाऊन टाकली होती. त्यानं हात सोडवून घेतले, पाण्यातून चालत तिच्या कडेपाशी आला आणि त्या पांढऱ्या पाण्याची ओंजळ भरली. जन्मात कधी न हललेले त्याचे हात असे थरथरत होते की तिच्या डोक्यापर्यंत पोचेतो ओंजळीत चार थेंब उरले. ते चार थेंब त्यानं तिच्या कपाळावर सोडले. म्हणाला, "माझंही सांडलं, पोरी."

"होय," ती नायकाकडे वळून म्हणाली. "मी यांच्यातली हाय."

भट्टीजवळ ताज्या चुन्याचा दुसरा ढीग होता. नायकानं तिला त्यावर बसवलं आणि बारा शिपायांना बारा घागरी एकदम ओतायला लावल्या. यापुढचं आमच्याकडे कोणी सांगत नाही. माझी आजी इथं गप्प बसायची, मीही बसते.

मग त्या ढिगातून पांढरं धुकं उठलं आणि तीन दिवस गढीवर नि खाडीवर बसून राहिलं, असं म्हणतात. शेजारी उभा माणूस दिसत नव्हता. त्या धुक्यात गोमानं बाकीच्या पाचही जणांना होडीत घालून पार नेलं. नायकाचे हात त्या दिवसापासून थरथरायला लागले, घास तोंडापर्यंत जाईना, आणि भरल्या ताटासमोर तो उपाशी मेला. धुकं विरल्यावर गावानं ढीग उकरला. शूशन सापडली नाही. सापडली तिची घागर, काठोकाठ भरलेली. वारा पडलेला होता, तरी आतलं पाणी थरथरत होतं, असं म्हणतात.

बारसबा म्हातारपणी परत आला. त्यानं झोपडी पुन्हा बांधली, आणि जुनी रीत मोडून टाकली.

आज चुनखाडीत भट्ट्या नाहीत. खड्डा आहे, विहीर आहे. देऊळवाले, चर्चवाले, दर्ग्यावर जाणारे, सगळे पौषातल्या अवसेला दुपारी विहिरीवर जमतात. ज्याला ज्याची भीती वाटते ती त्यानं मोठ्यानं सांगायची. कोणी हसत नाही. आमच्या गावात भित्रा ही शिवी नाही. मग त्या वर्षी सगळ्यांत जास्त घाबरलेलं माणूस कोण ते गाव ठरवतं, आणि शूशनची घागर त्याच्या हातात देतं. हा मान सरपंचालासुद्धा मागून मिळत नाही.

गेल्या साली तो बस्त्यावला मिळाला. दांडगा कोळी. तुफानात धाकट्या भावाचा हात त्याच्या हातून सुटला, तेव्हापासून तो होडीवर गेला नव्हता, खाडीकडे तोंड करून बसतही नव्हता. घागर घेतली आणि त्याचे हात लटपटायला लागले. विहिरीपासून खड्ड्यापर्यंत दोन्ही बाजूंना माणसं उभी होती. सांडलेले थेंब झेलायला म्हाताऱ्यांनी ओंजळी पुढे केल्या होत्या, बायकांनी पोरांची डोकी. बस्त्याव मधेच थांबला. पाण्याकडे पाहून म्हणाला, "सगळं सांडतंय."

आणि अख्खं गाव हळू आवाजात म्हणालं, "सांडू दे, बाबा. सांडू दे."